चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो: सेन्सर बदलण्यापूर्वी घरी करायच्या तपासण्या

लक्षणे साधारणपणे अशी असतात. डॅशबोर्डवरील इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, काही दिवसांनी आपोआप विझतो आणि पुन्हा लागतो. गाडी सकाळी व्यवस्थित सुरू होते, परंतु दुपारी तापलेली असताना सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन पकडत नाही. बोनेट उघडे ठेवून अर्धा तास थांबले की तीच गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. सिग्नलवर उभे असताना इंजिनचे फेरे खालीवर होतात किंवा इंजिन बंद पडते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पिकअप अचानक जातो आणि कितीही रेस दिली तरी गाडी ठरावीक वेगापुढे जात नाही. अ‍ॅव्हरेज घटते, डिझेल गाडी काळा धूर सोडते, किंवा इंजिन थंड असतानाच रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो.

अशा गाडीला स्कॅनर लावला की बहुधा एखाद्या सेन्सरचे नाव येते, तो सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा लागतो. जळगाव-भुसावळ भागात गाड्यांचे वायरिंग दुरुस्त करताना हीच तक्रार माझ्यासमोर सतत येते, आणि त्यात सेन्सर स्वतः निकामी झालेला असण्यापेक्षा त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), त्याची वायर, त्याचा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारा जोड) किंवा त्याच्यावरून जाणारी हवा यांत दोष असल्याचे मला अधिक वेळा आढळते. स्कॅनरवर दिसणारा कोड हा दोष कोणत्या सर्किटमध्ये जाणवला एवढेच सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर हा एक भाग असतो आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत महागही असतो. म्हणून तो सर्वांत शेवटी बदलावा, या एका तत्त्वावर पुढील तपासण्यांचा क्रम लावलेला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

दिवा पिवळा आणि स्थिर असेल, इंजिनचे तापमान योग्य असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश घरी येऊन तपासणी करता येते. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळून टाकू शकते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन बंद करावी. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल तर हा लेख लागू होत नाही, इंजिन तत्काळ बंद करावे.

काम सावलीत आणि थंड इंजिनवर करावे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली हात घालणे धोक्याचे आहे. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही सुरू होतो, त्यामुळे बोटे आणि उपरण्याचे किंवा ओढणीचे टोक त्यापासून दूर ठेवावे. कोणताही कपलर काढण्यापूर्वी चावी बंद असावी.

पहिली तपासणी: कोड वाचून लिहून ठेवावा

भारतात चारचाकी गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही स्वयंनिदान यंत्रणा बंधनकारक झाली. त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात लावण्याचा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांत मिळतो आणि मोबाइलवरील अ‍ॅपमधून कोड वाचता येतो. हा खर्च एका सेन्सरच्या किमतीपेक्षा कमी असतो आणि पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतो.

कोड पुसण्याची घाई करू नये. कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते. दोष जाणवला त्या क्षणी इंजिनचे फेरे, तापमान, वेग आणि इंजिनवरचा भार किती होता हे त्यात दिसते. दोष थंड इंजिनवर आला की तापलेल्या, उभे असताना आला की घाटात, हे कळले की अर्धे काम होते. कोड पुसला की ही नोंद कायमची जाते. बॅटरीचे टर्मिनल काढल्यानेही ती जाऊ शकते, म्हणून टर्मिनलला हात लावण्यापूर्वीच सर्व काही कागदावर उतरवून घ्यावे.

आमच्याकडे वारंवार दिसणारे काही कोड असे आहेत. पी०३३५ हा क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) पोझिशन सेन्सरच्या सर्किटचा, पी०३४० हा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) सेन्सरच्या सर्किटचा. पी०१०१ आणि पी०१०२ हे हवेचे वजन मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचे. पी०११७ व पी०११८ हे कूलंटच्या तापमानाचे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. हा कोड कोणत्याही सेन्सरवर ठपका ठेवत नाही, तरीही तो पाहून ऑक्सिजन सेन्सर बदललेल्या गाड्या मला सर्रास दिसतात. पी०५६२ म्हणजे विजेचा दाब कमी. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार कोड आले असतील, तर इतके सेन्सर एकदम बिघडणे जवळपास अशक्य असते. तेथे बॅटरी, अर्थ, फ्यूज किंवा त्या सर्वांना मिळणारा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा यांकडे वळावे.

बॅटरी, अर्थ आणि फ्यूज

कडक उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी लवकर उडते आणि प्लेट लवकर झिजतात, त्यामुळे आमच्या भागात ही तपासणी चुकवू नये. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या खाली असेल तर ती निम्म्याहून अधिक उतरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ असावा, स्मार्ट चार्जिंगच्या नव्या गाड्यांत तो काही वेळ यापेक्षा कमीही दिसतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा नियंत्रक संगणक, सेन्सरकडून येणारे संदेश व्होल्टच्या दहाव्या-शंभराव्या भागांत वाचतो, म्हणून सेल्फ मारताना बॅटरी फार खाली बसली की त्याला निरोगी सेन्सरचा संदेशही चुकीचा वाटू शकतो.

अर्थची तपासणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि मला ती सर्वांत फलदायी वाटते. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि एसी लावावा, मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावी. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर इंजिनचा अर्थ कमजोर आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाळीदार पट्टी शोधावी, तिचा बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरने चकचकीत करावेत आणि घट्ट बसवावेत. या दुरुस्तीला पैसे लागत नाहीत आणि केवळ तेवढ्याने कायमचे विझलेले दिवे मी पाहिले आहेत.

फ्यूज बोनेटखालच्या आणि डॅशबोर्डजवळच्या अशा दोन्ही डब्यांत पाहावेत. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तो पुन्हा जळाला तर मोठा फ्यूज घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतर जळते ती वायर.

कपलर, वायर आणि उंदीर

या पायरीवर घाई करू नये. बहुतेक दोष येथेच सापडतात आणि खर्च होतो तो वेळ.

कोडमध्ये आलेल्या सेन्सरचा कपलर शोधून त्याचे लॉक दाबून तो सरळ ओढावा. वायर धरून ओढू नये. उन्हाने कडक झालेली प्लॅस्टिकची लॉक तुटतात आणि लॉक तुटलेला कपलर खराब रस्त्यावर हलत राहतो, म्हणजे एक दोष शोधताना दुसरा तयार होतो. आत हिरवट किंवा पांढरा थर, ओलावा, इंजिन ऑइल किंवा मागे सरकलेली पिन दिसते का, हे टॉर्च लावून पाहावे. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुऊन घेतल्यानंतर दोन-चार दिवसांनी दिवा लागणे ही आमच्याकडची नेहमीची तक्रार आहे. बोअरचे क्षारयुक्त पाणी कपलरमध्ये शिरते, वाळते आणि पिनांवर थर ठेवून जाते. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, पूर्ण वाळू देऊन कपलर बसवावा आणि लॉक बसल्याचा टक आवाज ऐकावा. पिना सँडपेपरने घासू नयेत, त्यांच्यावरील पातळ मुलामा निघून जातो.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून, पट्टे आणि पंख्यापासून हात दूर ठेवत, वायरिंगचा जुडगा कपलरपासून सुरू करून थोडाथोडा हलवावा. एखाद्या जागी हलवताच इंजिन अडखळले किंवा मोबाइलवरचा आकडा उडाला, तर दोष त्याच वितीत आहे.

उंदरांचा प्रश्न खानदेशात विशेष आहे. खळ्याजवळ, मक्याच्या कणसांच्या ढिगाजवळ किंवा घरात साठवलेल्या कापसाशेजारी गाडी उभी राहते, थंडीत उंदरांना इंजिनची ऊब हवी असते आणि ते कापूस व चिंध्या ओढून आणून इंजिनवर घर करतात. कापसाचे पुंजके, लेंड्या किंवा शेंगांची टरफले दिसली की समोरच्या वायरी पाहून थांबू नये. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनमध्ये हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, बॅटरीच्या ट्रेमागे आणि फायरवॉलजवळ (इंजिन व केबिनमधील पत्र्याजवळ) आरसा व टॉर्च घेऊन पाहावे. उंदीर बहुतेकदा वायर पूर्ण तोडत नाही, तिचे आवरण सोलून ठेवतो. कोरड्या दिवसांत अशी वायर काम करते आणि पहिल्या पावसात दिवा लागतो. कापलेली वायर नुसती पीळ देऊन टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. तांब्याचे टोक सोल्डर करावे किंवा योग्य क्रिंपने जोडावे, त्यावर चिकट अस्तराची हीट-श्रिंक नळी चढवावी आणि जुडग्याला पुन्हा नळीदार आवरण घालावे. कुरतडलेला कापूस एक्झॉस्टजवळ असेल तर तो तत्काळ काढावा, त्याने आग लागू शकते.

बाहेरून सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्या गाडीत किटवाल्याने मूळ वायरिंगमध्ये घेतलेले सर्व जोड याच वेळी पाहावेत. इंजेक्टरच्या आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरींवर घेतलेले सैल जोड हे पी०१७१ आणि मिसिंगच्या कोडमागचे नेहमीचे कारण असते.

हवेचा मार्ग

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात फिरणाऱ्या आणि शेतरस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांचा एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या बराच आधी भरतो. तो काढून उजेडापुढे धरावा. उजेड दिसत नसेल तर बदलावा. फिल्टरच्या डब्याची कड नीट बसली आहे का आणि डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंतच्या) रबरी नळीला भेगा आहेत का, हेही पाहावे. उष्णतेने कडक झालेले रबर घडीच्या आतल्या बाजूला चिरते आणि नळी वाकवल्याशिवाय ती चीर दिसत नाही. एमएएफ सेन्सरच्या पुढे शिरलेली हवा मोजली जात नाही. ईसीयू कमी हवेच्या हिशेबाने इंधन देतो आणि पी०१७१ येतो.

लहान पेट्रोल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. डिझेल गाड्यांत बहुधा एमएएफ असतो. एमएएफची तार केसासारखी नाजूक असते. ती केवळ एमएएफ क्लीनरने, काही इंचांवरून फवारून स्वच्छ करावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. ब्रश, कापूस, काँप्रेसरची हवा आणि कार्ब्युरेटर क्लीनर यांपैकी काहीही त्यावर वापरू नये. तेल लावलेला बदली फिल्टर बसवला असेल तर ते तेल तारेवर जाऊन बसते, म्हणून मूळ कागदी फिल्टरकडे परत जावे.

कूलंटची पातळी

इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पाहावी. गरम असताना झाकण कधीही उघडू नये. पातळी खाली गेली की तापमानाच्या सेन्सरचे टोक पाण्याऐवजी वाफेत राहते आणि चुकीचे तापमान सांगते. बोअरचे पाणी ओतत राहिल्यास टोकावर क्षारांचा थर बसतो. अशा गाडीत योग्य प्रमाणात कूलंट भरणे हीच सेन्सरची दुरुस्ती असते. पातळी वारंवार घटत असेल तर मात्र गळती शोधणे हे वेगळे आणि अधिक तातडीचे काम आहे.

चालू आकडे वाचणे

इथपर्यंत काही सापडले नसेल तर स्कॅनरच्या अ‍ॅपमधील लाइव्ह डेटा उघडावा. सेन्सर खोटे बोलत आहे की नाही हे ओळखण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, कारण येथे निसर्गच तुलनेसाठी आकडा पुरवतो.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी, इंजिन सुरू न करता, फक्त चावी चालू करावी. कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान हे दोन्ही आकडे घरातील थर्मामीटरच्या जवळपास असावेत. बाहेर २८ अंश असताना एक सेन्सर २९ आणि दुसरा ५० दाखवत असेल तर दुसरे सर्किट दोषी आहे. उणे ४० हा आकडा दिसला तर ते तापमान नसून सर्किट तुटल्याची खूण आहे. याच स्थितीत मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर असल्याने तो ९८ किलोपास्कलच्या आसपास येतो. तीच गाडी तोरणमाळला नेली तर आकडा ९० च्या आसपास उतरतो आणि तो तेथे बरोबर असतो. पेट्रोल इंजिन तापून स्लोवर चालू झाले की मॅपचा आकडा साधारण २५ ते ४० च्या दरम्यान खाली येतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा साधा ऑक्सिजन सेन्सर तापलेल्या इंजिनवर सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत झुलत असतो. तो खालीच चिकटून राहिला तर तो मेला असे लगेच समजू नये. मिश्रण खरोखर हवेचे जास्त असेल किंवा त्याच्या आधीच्या एक्झॉस्टला गळती असेल तर तो खरेच सांगत असतो.

दोन वायरींच्या कूलंट सेन्सरसाठी एक बिनखर्ची चाचणी आहे. चावी बंद करून कपलर काढावा, चावी चालू करावी, आकडा उणे ४० कडे जावा. पुन्हा चावी बंद करून वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना बारीक तारेने जोडाव्यात आणि चावी चालू करावी, आकडा शंभराच्या बराच वर जावा. दोन्ही वेळा आकडा असा हलला तर वायर आणि ईसीयू ठीक आहेत, दोष सेन्सरमध्येच आहे. काही गाड्यांत ईसीयू दोष ओळखताच पर्यायी आकडा दाखवतो, तेथे ही चाचणी उपयोगी पडत नाही. तीन वायरींच्या सेन्सरवर ती मुळीच करू नये, ५ व्होल्टचा पुरवठा अर्थला जोडला जाईल. चाचणीमुळे आलेले कोड नंतर पुसावेत.

मीटरने सर्किट तपासणे

तीन वायरींच्या सेन्सरचा कपलर काढून चावी चालू केली की एका वायरवर सुमारे ५ व्होल्ट मिळावेत; काही क्रँक व कॅम सेन्सरांना १२ व्होल्टही दिले जातात. अर्थच्या पिनवर बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत जवळपास शून्य यावे. पुरवठा नसेल तर नवा सेन्सरही चालणार नाही. तापमानाच्या सेन्सरचा रोध सकाळच्या गारव्यात साधारण दोन-तीन किलोओहम आणि ८० अंशांवर तीनशे ओहमच्या आसपास असतो. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, परंतु तापमान वाढताना रोध अखंड उतरत जाणे महत्त्वाचे. वायरच्या आवरणात सुई टोचून मोजू नये, त्या छिद्रातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते. बल्बचा टेस्ट लॅम्पही ईसीयूच्या वायरींवर लावू नये, तो जास्त प्रवाह ओढतो.

तापल्यावर बंद पडणारी गाडी

एप्रिल ते जून या काळात क्रँकशाफ्ट सेन्सरची तक्रार सर्वाधिक असते. आतील बारीक तार किंवा इलेक्ट्रॉनिक भाग उष्णतेने प्रसरण पावतो, संपर्क तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. म्हणून थंड गाडी गॅरेजमध्ये नेली की दोष सापडत नाही. गाडी बंद पडलेली असतानाच सेल्फ मारून टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा किंवा स्कॅनरवरील फेऱ्यांचा आकडा पाहावा. इंजिन फिरत असूनही आकडा शून्य राहिला तर संशय क्रँक सेन्सरच्या सर्किटवर जातो. हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर चावी बंद करून सेन्सरच्या डोक्यावर ओले फडके काही मिनिटे ठेवावे; लगेच गाडी सुरू झाली तर हा संशय पक्का होतो.

येथेही सेन्सर काढून त्याच्या चुंबकीय टोकावर लोखंडी कीस चिकटला आहे का, ते आधी पाहावे. दोन वायरींच्या प्रकाराचा रोध बहुधा काही शे ते हजार-दीड हजार ओहम असतो. तीन वायरींच्या हॉल प्रकारावर (आत इलेक्ट्रॉनिक भाग असलेल्या सेन्सरवर) ओहम मोजून काही कळत नाही. बदलायचा झाल्यास चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून मूळ कंपनीचाच घ्यावा, कारण स्वस्त नकला पहिल्याच कडक दुपारी तीच तक्रार परत आणतात.

दुरुस्तीनंतर कोड पुसून, ज्या परिस्थितीत दोष येत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. तापल्यावर येणारा दोष सकाळच्या फेरीत गेला असे मानू नये. भर दुपारी एसी लावून धुळे-जळगाव रस्त्यावर गाडी चालवून पाहावी आणि पेंडिंग कोड वाचावेत, कारण ते दिवा लागण्यापूर्वीच दिसतात.

कुठे थांबावे

पुढील परिस्थितीत घरी काम करू नये. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि हायब्रिड गाडीतील नारिंगी केबल प्राणघातक विद्युत दाबाच्या असतात. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरचे पाइप सैल करू नयेत. त्यातील दाब हजार बारपेक्षा जास्त असतो आणि ती धार त्वचेत शिरते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप चावी चालू असताना बोटाने ढकलू नये. पी००१६ सारखा क्रँक आणि कॅम यांचा मेळ नसल्याचा कोड टायमिंग चेन किंवा बेल्ट सरकल्याचे लक्षण असू शकतो, तेव्हा इंजिन पुन्हा सुरूही न करता गाडी ओढून न्यावी. वायर वितळलेली असेल, फ्यूज पुन्हा पुन्हा जळत असेल, ५ व्होल्टचा पुरवठाच नसेल किंवा गाडी वॉरंटीत असेल, तर जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा अधिकृत सेवा केंद्र गाठावे. ईसीयू उघडणे किंवा तो बदलणे हे घरचे काम नाही.

त्यांच्याकडे जाताना लिहून ठेवलेले कोड, फ्रीझ फ्रेमचे आकडे आणि आपण केलेल्या तपासण्यांचा कागद सोबत न्यावा. सेन्सर बदलायचा असे सांगितले गेले तर पुरवठा आणि अर्थ मोजला आहे का हे विचारावे, आणि काढलेला जुना सेन्सर परत मागून घ्यावा. तोच कोड पुन्हा आला तर जुना सेन्सर परत लावून तुलना करता येते.